ग्रेडरसाहेबांचं अर्धं शटर

इरा, परवा तू फोनवर म्हणालीस की अर्णव स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जुळवतो आहे आणि त्यावरून तुम्हा भावंडांचं भांडण चालू आहे. त्याला सगळा जोर ग्राफिक कार्डावर द्यायचा आहे आणि पॉवर सप्लाय मिळेल तो बसवायचा आहे. तू मला गमतीनं विचारलंस, "आजी, तुझं मत काय?"

मला मत आहे. पॉवर सप्लाय आधी निवडायचा, बाकीचं मागाहून. हे मत माझं नाही, दिग्रसच्या मधुकरराव ढोके यांचं आहे. ते त्यांना कसं मिळालं हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून सवडीनं लिहिते आहे. अर्णवलाही वाचून दाखव.

दिग्रसला मी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि तुमचे आजोबा वकिली करत होते तेव्हा ढोके आमच्या समोरच्या घरात राहत. सगळं गाव त्यांना ग्रेडरसाहेब म्हणे. सरकारी खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणं हे त्यांचं काम. गाडी उभी राहिली की ते वरच्या कापसाकडे बघतही नसत. कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, पोटातून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ओढायचा आणि निघालेला धागा आपल्या काळ्या जाकिटावर ठेवून त्याची लांबी बघायची. ते जाकीट त्यासाठीच होतं. भर उन्हाळ्यातही ते अंगातून निघत नसे. "वरचा कापूस सारेच पाहुण्यावानी सजवून ठेवते," ते म्हणत. "गाडी आतून बोलते." वजन वाढावं म्हणून कोणी कापसावर पाणी मारलं असेल तर हात बाहेर काढायच्या आधीच त्यांचा चेहरा बदले, आणि मग गाडीवाल्याच्या सात पिढ्यांची प्रत ठरवून होई.

नम्रता हा गुण त्यांच्यापाशी नव्हता आणि त्याची उणीवही त्यांना कधी भासली नाही. ते दिसेल त्या गोष्टीला प्रत देत. आमच्या घरच्या चहाला, समोरच्या पक्षाच्या वकिलाला, गल्लीत ठरलेल्या लग्नांना. उशिरा झालेल्या, नाइलाजानं जुळवलेल्या गोष्टीला ते फरदड म्हणत. कापसाची मुख्य वेचणी झाल्यावर त्याच झाडांना पाणी देऊन पुन्हा जो आखूड धाग्याचा कापूस काढतात, तो फरदड. एकदा माझा तास खिडकीबाहेरून ऐकून ते घरी सांगायला आले होते, "वहिनी, तुमचं इंग्रजी लांब धाग्याचं हाये. पण जरा कोरडं पडते."

मग ती वर्षं आली. कापसाला भाव नव्हता आणि त्यांचं केंद्र एका हंगामात उघडलंच नाही. ग्रेडरांना घरी बसवलं. सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्यांचे भोंगे थांबले. कापूस विकला गेला नाही की दिग्रसमध्ये काहीच विकलं जात नसे, बांगड्यासुद्धा. आमच्या गल्लीतले लोक संध्याकाळी ओट्यावर बसत आणि एकमेकांना तेच ते सांगत. वीज तासन्‌तास नसे. ज्यांना बाहेर जाता येत होतं ते निघून गेले होते. उरलेल्यांकडे राहण्याची कारणं होती, आणि ती कारणं सगळ्यांना पाठ होती.

ढोक्यांचं कारण एकच होतं. त्यांची बायको आजारात गेली होती आणि घरात ते आणि मुलगी वैशाली, एवढीच माणसं उरली होती. वैशाली माझी विद्यार्थिनी. अमरावतीला कॉम्प्युटरचं शिकून आली होती आणि पुण्याच्या एका कंपनीनं तिला निवडलं होतं. त्यांची नवी शाखा होळीच्या सुमारास उघडायची होती, तोवर त्यांना घाई नव्हती. घाई वैशालीला होती. ढोके मात्र म्हणाले, "पुणं पुणं काय करतं? पुणं मी तुले इथंच आणून देतो." आणि त्यांनी तिच्यासाठी कॉम्प्युटरचं दुकान काढलं.

बापलेकींचा सौदा आमच्या ओट्यावर झाला. ढोके म्हणाले, "एक सीझन बस माझ्यासंग. दिवाळी ते होळी. दुकान उभं राह्यलं तं राह्यशील. नाही राह्यलं तं जाशील. मी आडवा आलो तं मॅडमले सांग."

वैशाली म्हणाली, "मॅडम, ऐकलं ना?" मी ऐकलं होतं.

दुकान म्हणजे बाजार समितीच्या यार्डासमोरची एक खोली. पूर्वी तिथं कापसाचे नमुने ठेवत. खिडकी नाही. वीज असेल तर पंखा. आणि पुढचं शटर अर्ध्यावरच अडकायचं. कितीही ओढलं तरी छातीच्या वर जात नसे. आत जायचं तर वाकूनच. पहिल्यांदा गेलो तेव्हा तुमच्या आजोबांचं डोकं आपटलं. ते म्हणाले, "ढोके, हे आधी दुरुस्त करून घ्या."

"राहू द्या वकीलसाहेब. वाकून आत आलेला माणूस लवकर बाहेर पडत नाही."

आतून वैशाली म्हणाली, "होय ना. मलेच पाहा."

आम्ही गेलो होतो ते कॉम्प्युटर घ्यायला. तुमची आई तेव्हा नुकतीच तिकडे परदेशी गेली होती आणि तिचा चेहरा पडद्यावर दिसू शकतो असं वैशालीनं मला सांगितलं होतं. शिवाय प्रश्नपत्रिका टाइप करायच्या होत्या. ढोक्यांनी माझी गरज नीट ऐकून घेतली. त्यांनी नागपूरहून एस.टी.नं सगळे भाग आणले होते. हार्ड डिस्क तर मांडीवर घेऊन आले होते आणि शेजारच्या प्रवाशाला तिला धक्का लावू दिला नव्हता.

"म्हणजे तुमाले पळणारा बैल नको," ते म्हणाले. "चिवट बैल पाह्यजे."

वैशालीनं भाग सांगायला सुरुवात केली. प्रोसेसर मधला चालेल, रॅम मात्र थोडी जास्त घ्या, कॅमेऱ्यासाठी बरं. ढोके तिला थांबवून मदरबोर्डवर बोट ठेवत म्हणाले, "रॅमची एक खाच रिकामी ठेवजो. इकडच्या बी दोन मोकळ्या राहू दे. पेरताना बांध सोडते का नाही माणूस? उद्या वाढवाचं म्हटलं तं जागा लागते. भरगच्च मशीन घेतली तं मंग नवीच घ्या लागते."

"बाबा प्रत्येक मशीनमध्ये जागा सोडतात, मॅडम," वैशाली म्हणाली. "घरीच विसरतात."

ढोके म्हणाले, "स्क्रू दे."

ते बारीक स्क्रू आपल्या जाकिटाच्या पोटावर ठेवत. जुन्या कापसाचे तंतू त्यात अजून अडकलेले होते, त्यामुळे स्क्रू घसरत नसत.

मग पॉवर सप्लायची वेळ आली. भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला ज्याच्या त्याच्या मापानं वाटून देणारा तो पत्र्याचा डबा. दुकानात दोन कंपन्यांचे होते. ढोक्यांनी एक माझ्या एका हातात दिला आणि दुसरा दुसऱ्यात. "जड कोणता?"

मी उजवा हात वर केला.

"बस. झाली ग्रेड. जड म्हणजे आत तांबं भरपूर. हलका म्हणजे पोकळ."

वैशाली म्हणाली, "बाबा, लेबल वाचा ना. मोठ्या अक्षरात काहीही लिहितात. खाली रकान्यात बारा व्होल्टले अँपिअर किती देतो, थे पाहा. हा हलकावालाच जास्त देते."

"लेबल तं कापसाच्या गाठीवर बी राह्यते. थे कोण लावते, कसं लावते, हे म्या नाही पाह्यलं का?"

"मग उघडून पाहा. तुम्हीच म्हणता ना, आतून बोलते."

ढोक्यांनी तो जड डबा उलटा केला. स्क्रूवर कागदाचं सील चिकटवलेलं होतं. सील तुटलं तर व्यापारी परत घेणार नव्हता. त्यांची बोटं क्षणभर त्या सीलावर थांबली. मला केंद्रावरचा त्यांचा तो कोपरापर्यंत जाणारा हात आठवला. मग त्यांनी डबा पुन्हा हातावर तोलला आणि म्हणाले, "जड हाये. हाच."

आमची मशीन चांगली चालली. तुमच्या आईचा चेहरा दिसला, थोडा हिरवट, पण दिसला. ढोके स्वतः पाहायला आले आणि पडद्यातल्या तुमच्या आईला म्हणाले, "जेवलीस का बाई?" तिकडे सकाळ होती.

त्या हंगामात दुकानात फारसं कोणी वाकून आलं नाही. समोरचं यार्ड रिकामं पडलेलं असे आणि दुकानातले दोघं त्या रिकाम्या यार्डाकडे तोंड करून बसत. मी कॉलेजातून येताना बाहेरून मला दोघांच्या चपला दिसत, आणि आतून भांडण ऐकू येई. कधी मॉनिटरवरून, कधी भाजीवरून. भांडण नसे त्या दिवशी मला जास्त काळजी वाटे. वैशाली एकदा मला म्हणाली, "मॅडम, इथं बसून बसून मले यार्डातले खड्डे पाठ झाले."

मग संक्रांतीच्या आसपास गावातल्या टायपिंगच्या क्लासनं टाइपरायटर काढून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. खोलीभर मशीनची ऑर्डर ढोक्यांना मिळाली. गल्लीत पेढे वाटले गेले. वैशालीनंही आमच्या घरी एक खाल्ला. तो खाताना तिचा चेहरा कसा होता हे मला सांगता येणार नाही, कारण तिनं खिडकीकडे तोंड केलं होतं. हे दुकान उभं राहिलं की तिचं पुणं संपलं, हे तिला आणि मला दोघींनाही कळत होतं. तरी तिनं सगळ्या मशीन मन लावून जुळवल्या. पॉवर सप्लायवरून पुन्हा भांडली आणि पुन्हा हरली. सगळ्या मशीनना जडवाले बसले.

होळीला अजून महिना होता तोच ऊन तापू लागलं आणि वीज जास्त जाऊ लागली. जायची तेव्हा नुसती जायची, यायची तेव्हा मात्र धक्का देऊन यायची. एका दुपारी ती तशीच आली आणि क्लासमध्ये एकामागून एक मशीन बंद पडल्या. खोलीभर जळक्या वार्निशाचा वास सुटला. दोन दिवसांत आणखी काही गेल्या.

क्लासचे मालक दुकानापुढे आले तेव्हा मी समोरच्या बाजूनं चालले होते. ते वाकले नाहीत. शटरबाहेर सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "ग्रेडरसाहेब, बाहेर या." ढोके वाकून बाहेर आले. मालक जे बोलले ते सगळ्या रस्त्यानं ऐकलं. मालक गेल्यावर ढोके पुन्हा वाकून आत गेले.

संध्याकाळी बापलेक दोघं आमच्याकडे आली.

"वहिनी, तुमची मशीन चालून राह्यली का?"

"चालते आहे."

"मले उघडू द्या. जळालेली उघडली तं व्यापारी म्हणते, जळाल्यानं तसं झालं. चालती मशीन आतून पाह्याची हाये मले."

जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरला. ढोक्यांनी सील नखानं फाडलं. झाकण उघडलं. आत तारा होत्या, तांब्याच्या चिमुकल्या गुंडाळ्या होत्या, आणि तळाला सिमेंटचा एक थर थापून त्यात लोखंडाची पट्टी बसवलेली होती. तिला कुठलीच तार जोडलेली नव्हती. ती फक्त जड होती.

ढोक्यांनी ती पट्टी उचकटून एका हातात घेतली आणि हलका झालेला डबा दुसऱ्या हातात. बराच वेळ तोलत राहिले. तुमचे आजोबा शेजारी खुर्ची ओढून बसले.

"वकीलसाहेब," ढोके म्हणाले, "पाणी मारून वजन वाढवलेली गाडी मी फाटकातून आत येऊ देत नव्हतो. त्या लोकायले म्या काय काय बोललो, तुम्ही ऐकलं हाये. अन् इथं आतला धागा दिसत नव्हता, तं मीच वजनावर गेलो."

वैशालीनं पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पेपरात गुंडाळली. एवढी हजरजबाबी मुलगी, पण "मी सांगितलं होतं" हे वाक्य तिच्या तोंडून त्या दिवशी आलं नाही आणि नंतरही मी कधी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला एकटी भेटली. सौद्याप्रमाणे ती आता मोकळी होती. मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "असं कसं जाऊ, मॅडम? बाबाचं नाव गेलं. त्या मशीन कोण नीट करणार? एवढं निस्तरते. मग पाहू." हे "मग पाहू" आमच्या गल्लीत बरेच जण म्हणाले होते आणि ते सगळे अजून गल्लीतच होते.

तिनं हे वडिलांनाही सांगितलं असावं, कारण पुढच्या सकाळी ढोके एकटेच माझ्याकडे आले. हातात तो हलका पॉवर सप्लाय होता, वैशालीच्या पसंतीचा.

"वहिनी, हे लेबल वाचाले शिकवा."

मी चष्मा लावला. अक्षरं सगळी वाचता येत होती. आऊटपुट म्हणजे काय ते सांगितलं. त्याखालचा रकाना मी मोठ्यानं वाचला आणि मग थांबले, कारण पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे कसं," ढोके म्हणाले, "तुमाले इंग्रजी येते, मले वजन येते, अन् दोघायलेही हे येत नाही."

शेवटी आम्ही फिजिक्सच्या प्राध्यापकांना बोलावलं. ते व्होल्ट आणि अँपिअर समजावायला पाण्याची टाकी आणि नळ काढून दाखवू लागले. ढोके म्हणाले, "नळ राहू द्या सर. कोणता आकडा पाह्याचा, तेवढं सांगा." रोज सकाळी ते येत. मी वाचे, ते ऐकत, मग ते वाचत. त्यांचा उच्चार अखेरपर्यंत सुधारला नाही, पण बोट बरोबर रकान्यावर जाऊ लागलं.

मग त्यांनी क्लासच्या मशीन स्वतः दुरुस्त केल्या. वैशालीला हात लावू दिला नाही. तिला दुकानात बसवलं आणि एकेक मशीन उघडून, एकेक लेबल मोठ्यानं वाचून नवा पॉवर सप्लाय बसवत गेले. त्यांना फार वेळ लागला. मालक मागे उभे राहून म्हणत, "साहेब, परीक्षा ह्या वर्षीच हाये ना?" ढोके मान वर न करता स्क्रू जाकिटावर ठेवत. मशीन सुरू झाल्या, आणि त्या तशाच चालत राहिल्या.

होळीच्या आधी दोघं पुन्हा आमच्या ओट्यावर आली. वैशाली खुशीत होती. मालकांनी वर्षभर देखभालीचं काम दुकानालाच द्यायचं कबूल केलं होतं.

"तू कंपनीले कळवलं का?" ढोक्यांनी तिला विचारलं.

"काय कळवायचं आता? दुकान चालून राह्यलं ना, बाबा."

"दुकान उभं नाही राह्यलं."

"अहो, राह्यलं की. आत्ताच तर..."

"नाही राह्यलं म्हणतो ना मी." तोच जुना आवाज होता, गाडीवाल्यांवर चालणारा. "इथं ग्रेड कोण देते? तू का मी? फरदड दुकान हाये हे. सौदा सौदा असते. मॅडम साक्षीले हाये."

वैशाली माझ्याकडे बघू लागली. मी म्हणाले, "मी ऐकलं होतं. नाही राहिलं तर जायचं, असंच ठरलं होतं."

ती उठून घरात गेली. ढोके ओट्यावर बसून राहिले आणि जाकिटावरचे तंतू वेचत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "माझ्या चुकीपायी राह्यली असती तं थे राहणं नसतं झालं, वहिनी." मग त्यांनी चहा मागितला, प्यायले, आणि म्हणाले की पत्ती बदला.

स्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो. यवतमाळच्या गाडीत तिला जागा मिळाली, पुढची पुण्याची तिथून होती. तिची बॅग खिडकीतून आत द्यायला ढोक्यांनी उचलली, आणि उचलल्यावर तसेच उभे राहिले, हातानं तिचा अंदाज घेत. कंडक्टर ओरडला, "द्या ना बाबा, काय वजन करून राह्यले?" लोक हसले. त्यांनी बॅग आत दिली.

वैशाली खिडकीतून म्हणाली, "शटर तेवढं दुरुस्त करून घ्या, बाबा."

"तू आली म्हणजे करू."

ती दर दिवाळीला येत होती. वाकून दुकानात जात होती आणि बाहेर येऊन शटरवरून भांडत होती. त्यांना पुण्याला चला म्हणून मागेही लागली. ते म्हणत, दुकान कोणाच्या भरोशावर टाकू. दुकानात तेव्हा फारसं काही नव्हतं, हे तिलाही दिसत होतं.

आम्ही दिग्रस सोडून अमरावतीला आलो त्या दिवशी आमची गाडी यार्डाच्या रस्त्यानं निघाली. ढोके सकाळीच भेटून गेले होते, त्यामुळे थांबायचं कारण नव्हतं, पण पुढे बैलगाडी आडवी आली आणि आम्ही थांबलो. शटर छातीइतकंच वर होतं. कोणी गिऱ्हाईक आत गेलं असावं, त्याच्या चपला दिसत होत्या. ढोके उजेडासाठी शटरच्या कडेला, आतल्या बाजूला स्टुलावर बसले होते. त्यामुळे डोकं सोडून बाकी सगळे दिसत होते. काळं जाकीट, त्यावर ओळीनं ठेवलेले स्क्रू. डाव्या हातात भिंग होतं आणि ते मोठ्यानं लेबल वाचत होते. एकेक अक्षर, एकेक आकडा. उजव्या हातावर तो डबा होता, आणि तो हात वाचणं चालू असतानाच हळूहळू वर-खाली होत होता.